दोन बोटं जास्तीचं

मापाच्या वहीत तो अजून आहे.
पान एकेचाळीस, शाळेच्या पोरांमध्ये,
अहिरे आणि बोरसे यांच्या मधोमध:
लोकेश, तिसरी ब.
छाती चोवीस, कंबर एकवीस, उंची अठ्ठावीस,
आणि पुढे माझ्याच अक्षरात:
वाढ, दोन बोटं.

पारोळ्यात सगळे असंच शिवून घेतात.
एक पँट दोन वर्षं गेली पाहिजे.
पायाशी कापड आत दुमडायचं, कच्ची टीप मारायची,
पोरगं वाढलं की उसवायची.
दुसऱ्यांच्या पोरांना दीड बोट ठेवायचो.
आपल्याला दोन.

ऑक्टोबरात ताप आला.
जळगावच्या दवाखान्यात रोज सकाळी पेशी मोजायचे.
मी मोजमापाचा माणूस,
आकडा खाली येताना मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.
चौथ्या दिवशी आकडा सांगायला कोणी आलं नाही.

मग लोक आले. लोक चांगलेच असतात.
देवाला आवडला, म्हणाले.
प्रमिलानं विचारलं, देवाला स्वतःची पोरं नाहीत का?
त्यावर सगळे चहा पीत राहिले.
तेराव्याच्या दुपारी मी दुकान उघडलं,
धरणगावच्या लग्नाचे सात ब्लाऊज अडले होते
आणि मशीनचा आवाज घरापेक्षा बरा होता.
ती हे विसरलेली नाही.
मीही.

आखाजी आली.
घरोघर घागरी भरल्या, आजोबांच्या, पणजोबांच्या,
तोंडावर डांगर, बाजूला आंबे, सांजोऱ्या.
मोठ्या आत्यानं आधीच सांगून ठेवलं होतं,
"पोऱ्यानी घागर नही भरतस, माय."
प्रमिला उठली, कुंभारवाड्यात गेली
आणि खेळण्यातलं वाटावं एवढं मडकं घेऊन आली.
त्यानं पैसे घेतले नाहीत, एवढंच म्हणाली.
म्हणजे न विचारता त्याला कळलं होतं.

डांगर त्या तोंडावर बसेना.
घरंगळलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं,
तिसऱ्यांदा थेट ओट्यापर्यंत गेलं
आणि आम्ही हसलो.
त्यानंतर पहिल्यांदाच, दोघं एकदम,
आणि लगेच एकमेकांकडे पाहिलं
चोरी पकडल्यासारखं.
शेवटी कैरी ठेवली. त्याला तीच लागायची,
तिखट-मीठ लावून, दात आंबेपर्यंत.

आगारी टाकताना नावं घेतली.
आजाचं घेतलं, बापाचं घेतलं.
त्याच ओळीत लोकेशचं घेताना
कापड उलट्या बाजूनं शिवत गेल्यासारखं झालं
आणि उसवायला ते हातातही नव्हतं.

जूनमध्ये दुकान पोरांनी भरलं.
त्याच्याच बाकावरचा चेतन आला, आता चौथी ब.
त्याची आई म्हणाली,
"जरा ढिल्लं शिवा, वाढतं आंग शे."
मग तिला आठवलं, आणि ती बाहेर रस्त्याकडे बघू लागली.
मी टेप कमरेपासून खाली सोडली.
बोट तीसवर थांबलं.
तीस.
पोरगं गुदगुल्या झाल्यासारखं हललं,
मी म्हणालो, नीट उभा राहा रे,
आणि आवाज साधाच निघाला.

रात्री घरी आलो तर प्रमिला दिव्याखाली बसलेली,
मांडीवर त्याची पँट, हातात माझं ब्लेड.
मी काही सांगितलं नव्हतं.
तिनं एकेक टाका उसवला.
बाहेरची खाकी उन्हानं, धुण्यानं विटलेली,
गुडघ्याशी शाईचा डाग,
आणि आतली दोन बोटं गडद,
ताग्यावरून आज फाडल्यासारखी करकरीत.
तिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं.

तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग मी.

"परत टीप घालू?"
नको, म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, ब्लेड खाली ठेवून:
"घाल. पण कच्चीच."